लेणे टिकले, लुगडे विरले

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरले की बाहेरच्या उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही. मग अंधारातून एकेक आकृती वर येऊ लागते. आधी पद्मपाणीचा मुकुट, मग एखाद्या दासीच्या हातातली चवरी, मग महाजनक राजापुढे नाचणारी ती नर्तकी. तिच्या अंगात लांब बाह्यांचे, शिवलेले वस्त्र आहे. जवळच्या बायकांच्या कमरेला आडव्या पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे आहेत. एका वस्त्रावर तर हंस काढलेले आहेत. दीड हजार वर्षे उलटली, पण त्या कापडाची वीण डोळ्यांनी चाचपून पाहावी इतकी स्पष्ट आहे.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या भाचीला घेऊन तेथे गेले होते. पोरगी कॉलेजात शिकणारी, चौकस. वाटाड्याने नेहमीची गोष्ट सांगितली. मद्रासच्या अठ्ठाविसाव्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा साहेब वाघाच्या शिकारीला आला, समोरच्या डोंगरावरून त्याला लेण्याची कमान दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती तारीख २८ एप्रिल १८१९. गोष्ट संपली आणि भाचीने मला हळूच विचारले, “मावशी, तो साहेब इथे आला, तेव्हा या गावच्या बायका काय नेसत होत्या गं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राण्या, दासी, नर्तकी काय ल्यायल्या होत्या ते मी भिंतीकडे बोट करून दाखवू शकत होते. पण अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीची, माझ्या आजीच्या आजीच्या आजीच्या पिढीतली बाई पाणी भरताना काय नेसत होती, हे दाखवायला माझ्याजवळ एक चिंधीदेखील नव्हती. परत आल्यावर मी त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. हाती आले ते या दिवाळीत आपणापुढे ठेवते.

त्या वेळचे अजिंठा

लेणी पाहायला जाणारे लोक बहुधा अजिंठा गाव पाहतच नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून (म्हणजे जुन्या औरंगाबादहून) जाताना घाट उतरण्यापूर्वी हे गाव लागते. लेणी तेथून सुमारे बारा किलोमीटरवर, घाटाखाली. गावाभोवती निजामाने अठराव्या शतकात बांधलेला तट आहे, वेशी आहेत, बारादरी आहे. दक्षिणेतून खानदेशात आणि पुढे बऱ्हाणपुरास जाणारी वाट येथूनच घाट उतरते, म्हणून गावाला महत्त्व.

एकोणिसावे शतक उजाडले तेच या मुलखात तोफांच्या आवाजाने. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जवळच असईला शिंदे-भोसल्यांची आणि वेलस्लीची लढाई झाली आणि इंग्रजी फौजेचे जखमी लोक अजिंठ्याच्या गढीत आणून ठेवले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख शिंद्यांनी सोडला. घाटावर निजाम, खाली खानदेश, रानात भिल्ल आणि वाटेवर बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे. गावातली बाई यातल्या प्रत्येकाला ओळखत होती. ओळखण्याची पहिली खूण म्हणजे अंगावरचे कापड.

अठरा हातांचा एकच तुकडा

घाटावर काय आणि घाटाखाली काय, मराठी बाईचा रोजचा वेष दोन वस्त्रांचा, लुगडे आणि चोळी. परकर नाही, पिन नाही, बटन नाही, नाडी नाही. आज आपण ज्याला नऊवारी म्हणतो ते लुगडे तेव्हा वाराने नव्हे, हाताने मोजत. एक वार म्हणजे दोन हात, तेव्हा नऊ वारांचे झाले अठरा हात. कोणाचे सोळा हातांचे, कोणाचे अठरा. एवढा लांबलचक एकसंध तुकडा बाई कमरेला एक गाठ मारून नेसायची. पुढे निऱ्या, त्यांचा ओचा, पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा आणि उरलेला पदर खांद्यावर किंवा डोक्यावर.

आपल्या भाषेने या दोन वस्त्रांना वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत, हे कधी ध्यानात आले आहे का? लुगडे नेसायचे, चोळी घालायची, पदर घ्यायचा आणि दागिने, काजळ, कुंकू मात्र ल्यायचे. गंमत म्हणजे ‘लेणे’ हाच शब्द आपण दागिन्यालाही वापरतो आणि डोंगरात कोरलेल्या गुंफेलाही.

नेसण्याची तऱ्हा मात्र कामाप्रमाणे बदले. कोळीण ते गुडघ्याच्या वर घट्ट आवळून नेसे, कारण तिला पाण्यात उतरायचे असे. शेतावर राबणारी कासोटा वर ओढून घेई, म्हणजे निंदणी-खुरपणीला पाय मोकळे राहत. वाड्यातल्या बाईचे लुगडे घोट्यापर्यंत पोचे. कापड तेच. त्यात बाईला बसता येई, वाकता येई, ओझे उचलता येई, झाडावर चढता येई आणि घोड्यावरही बसता येई.

घोड्याचे मी उगीच सांगत नाही. फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई १८३५ साली फत्तेगडला बायजाबाई शिंद्यांना भेटली. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतराव शिंद्यांची राणी. तेव्हा त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले होते. इंग्रज बायका दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून खोगिरावर कशा बसतात, याचे त्यांच्या परिवारातल्या बायकांना मोठे हसू आले. मग पार्क्सबाई मराठी पद्धतीचा वेष करून पुरुषासारखी घोड्यावर बसली आणि हेच आपल्या घेरदार झग्यापेक्षा कितीतरी सोयीचे, असे तिने मोकळेपणाने लिहून ठेवले. हा वेष म्हणजे झगाही आणि विजारही, अशा अर्थाचे तिचे वर्णन आहे. आपल्याकडच्या बायकांनी ते कधी लिहून ठेवले नाही. पाण्याला पाणी आहे असे कोण लिहून ठेवतो?

चोळी खणाची. खण म्हणजे चोळीपुरता विणलेला तुकडा, त्यालाही काठ असायचाच. तो काठ दंडावर आणि खालच्या कडेला येईल असा खण कापायचा, म्हणजे कापड वाया जात नसे आणि कड दुमडून शिवावीही लागत नसे. पुढे दोन टोकांची गाठ, पाठ झाकलेली. बाळाला पाजणाऱ्या आईला ती गाठ एका हाताने सोडता येई. लहान मुलींना चिरडी, म्हणजे छोटे लुगडेच. बाहुलीसारख्या पोरी त्यात अडखळत चालायच्या आणि पडता पडता नेसायला शिकायच्या.

एका लुगड्याचे सूत

आता थोडे गणित करू. दिवाळीच्या दिवसांत गणित घातल्याबद्दल वाचक भगिनी क्षमा करतील. पण त्या काळच्या कापडाचे मोल रुपये-आण्यांत सांगून कळत नाही, ते हातांच्या कष्टांतच मोजावे लागते.

समजा, लुगडे नऊ वार लांब आणि सव्वा वार रुंद आहे, आणि एका इंचात चाळीस उभे व चाळीस आडवे धागे आहेत. हे काही फार तलम कापड झाले नाही. सव्वा वार म्हणजे ४५ इंच, तेव्हा उभे धागे झाले १,८००. प्रत्येक नऊ वारांचा, म्हणजे १६,२०० वार सूत. आडव्या धाग्यांचा हिशोब केला तर तेवढेच, आणखी १६,२०० वार. एकूण ३२,४०० वार, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर! अजिंठा गावापासून लेण्यापर्यंत जाऊन परत यावे आणि तरीही वाटेवर टाकायला सूत उरावे, एवढा धागा एका लुगड्यात असायचा.

हा धागा चरख्यावर निघायचा. हात बसलेली बाई तासाला तीनशे वार सूत काढते असे धरले, तर नुसत्या कताईलाच १०८ तास लागले. त्याच्या आधी कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचे, पेळू करायचे. त्यानंतर ताणा, खळ, माग आणि रंग. दिवसभर चूल, जाते, पाणी, गुरे आणि पोरे सांभाळून बाई रोज दोन तास चरख्यावर बसली, तर एका लुगड्याचे सूत निघायला चोपन्न दिवस लागणार. आणि घरात बायका किती? त्यांना वर्षाकाठी लुगडी किती?

म्हणून तर अन्नाच्या जोडीला वस्त्र येते. चाकरीच्या बोलीत धान्याबरोबर लुगडे-चोळी असायची. राण्यांच्या नेमणुकीलाही ‘चोळी-बांगडी’ म्हणत आणि त्यासाठी गावे तोडून दिली जात. मोलकरणीचे वेतन आणि राणीची नेमणूक एकाच शब्दात सांगणारा तो काळ होता. कापड ही चैन नव्हती आणि स्वस्तही नव्हते. ते रोकड्यासारखे जपायचे धन होते.

रंग माखू नये असा

रोजच्या लुगड्याचा रंग निवडताना आवडीआधी धुण्याचा विचार होई. फिकट रंग हे श्रीमंतांचे आणि सणावाराचे. शेणाचा सडा घालणाऱ्या, चूल फुंकणाऱ्या, चिखलात राबणाऱ्या बाईला गडद रंग हवा, मळ न दाखवणारा आणि दगडावर आपटून धुतले तरी न जाणारा.

निळ्यासाठी नीळ. तिच्यात पुन्हा पुन्हा बुचकळले की कापड गर्द निळे, जवळजवळ काळे होई. तांबड्यासाठी आल नावाच्या झुडपाच्या मुळ्या. हे पीक खानदेश-वऱ्हाडाकडचे. पेरल्यावर वर्षा-दोन वर्षांनी नव्हे, तर बहुधा तीन वर्षांनी मुळे खणून काढायची, कुटायची आणि तुरटी लावलेले कापड त्यात उकळायचे. तो तांबडा रंग एकदा धरला की कापड फाटेपर्यंत सुटत नसे. काळ्यासाठी गंजके लोखंड, गूळ आणि हिरडा. कुसुंब्याची फुले गुलाबी-केशरी रंग देत, पण तो रंग उन्हाने आणि पाण्याने पळे, म्हणून कुसुंबी वस्त्र लग्नाकार्याचे. मळ काढायला रिठे, राख, खार.

म्हणून आपल्या जुन्या लुगड्यांचा तोंडवळा आठवून पाहा. निळे-काळे अंग, तांबडा काठ, तांबडा पदर. ही केवळ हौस नाही. त्या मातीत जे रंग पक्के निघत, त्यांचीच ही जोडी आहे.

याच जिल्ह्यात पैठण आहे. तिथल्या पैठणीचे, किंवा शहरातल्या हिमरूचे नाव निघाले की सगळ्यांचे डोळे चमकतात. पण पैठणी ही लग्नाची, देवाची, सरदारघरची. गावातल्या शंभर बायकांपैकी किती जणींच्या अंगाला जन्मात पैठणी लागली असेल? आणि तरीही आज संग्रहालयात जावे तर पैठण्या आहेत, शालू आहेत, जरीचे शेले आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जमवलेल्या संग्रहात तर असल्या वस्त्रांचे डोळे निववणारे वैभव आहे. जे क्वचित नेसले ते टिकले. जे रोज नेसले त्याचे काय झाले, ते पुढे सांगते.

कापडावरून माणूस

वस्त्र अंग झाकते, तसे ते माणूस उघडेही करते. कोण कुठली, कोणाची, कोणत्या अवस्थेतली, हे वेशीवरूनच कळावे असा त्या काळचा दंडक होता.

बंजाऱ्यांचा तांडा घाट चढू लागला की गावातली पोरे धावत जात. त्यांच्या बायकांचा घेरदार घागरा, आरसे आणि कवड्या लावलेली काचोळी, डोक्यावरून सोडलेली ओढणी, हातभर बांगड्या. धान्याच्या आणि मिठाच्या गोण्यांबरोबर हजार मैल चालणाऱ्या या बायका सारे धन अंगावर वागवीत. गावातल्या मुसलमान घरांपैकी काहींत विजार, कुडते आणि ओढणी, तर कष्टकऱ्यांच्या घरांत शेजारणीसारखेच लुगडे-चोळी. फरक असला तर नेसण्यात आणि कुंकवात.

आणि एका वेषाकडे पाहून मात्र त्या काळातही कोणाची पोर धावत गेली नसेल. ब्राह्मण विधवेचे केशवपन झाले की तिला चोळी वर्ज्य. अंगाला एकच वस्त्र, तांबडे आलवण. डोक्यावरून घट्ट ओढलेला त्याचा पदर म्हणजे जन्मभराची शिक्षा. आठ-दहा वर्षांच्या पोरींनीही ते नेसले. इतर बायकांच्या लुगड्यात तांबडा रंग काठाला आणि पदराला शोभे, तोच रंग यांच्या वाट्याला पायापासून डोक्यापर्यंत आला. जुन्या वेषाचे कौतुक करताना हेही वस्त्र रोजचेच होते, हे विसरून चालणार नाही.

असल्या तपशिलांची नोंद तेव्हा कोणी केली? बहुतेक परक्यांनी. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरणाऱ्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पत्रे लिहिली. डॉक्टर कोट्स याने पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली आणि शेतकऱ्याचे घर, भांडी, जेवण, कपडे यांचे वर्णन लिहिले. ते १८२३ साली छापून आले. आपल्याकडे वाई-मेणवलीच्या वाड्यांतल्या भिंतींवर चित्रे आहेत, पण ती वाड्यांतली. अजिंठ्याच्या नदीवर धुणे धुणाऱ्या बाईसाठी कोणी भिंत रंगवली नाही.

दंड, वाकळ, चुंबळ, काकडा

मग तिचे लुगडे गेले कुठे?

ते चोरीला गेले नाही की जळले नाही. ते संपले. आणि कसे संपले ही गोष्टच मला सगळ्यात मोलाची वाटते.

नवे लुगडे आले की आधी त्याची घडी मोडायची. घरातली वडीलधारी बाई किंवा माहेरवाशीण ते एकदा नेसून देई, मग ते रोजच्या वापरात येई. लुगडे विरते ते मधोमध, जिथे बसायचे आणि जिथे कासोटा घासायचा. दोन्ही टोके चांगलीच राहतात. मग मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे एकमेकांना जोडून शिवायचे. या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसणे ही गरिबीची खूण खरी, पण त्यात लाज नव्हती. दंड निऱ्यांत दडेल असे नेसायचे, एवढेच कसब.

दंडही टिकेना झाला की लुगड्याचे तुकडे व्हायचे. मऊ झालेला भाग बाळंतिणीच्या खोलीत जाई. बाळोती, कुंची, दुपटे. नव्या जिवाच्या अंगाला पहिला स्पर्श आजीच्या जुन्या लुगड्याचा व्हायचा, कारण नवे कापड टोचते. उरलेल्या तुकड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडी, आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. त्यातून उरेल त्याची घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ, चुलीवरून भांडे उतरायचे फडके, भाजल्या-कापल्यावर बांधायची चिंधी. फडके झिजले की पोतेरे, जमीन सारवायला. आणि अगदी शेवटी तेलात भिजवून पीळ दिलेला काकडा. पहाटे देवळात तो पेटे, आणि तीस किलोमीटर सुतातला शेवटचा हातभर धागा देवापुढे जळून जाई.

आता संग्रहालयात ठेवायला काय उरणार?

आपल्या बोलीत मात्र ते लुगडे शाबूत आहे. कोणी पदरमोड करतो, कोणाच्या पदराला खार लागतो, कोणी पदर पसरते, कोणी पदर खोचून कामाला लागते, आणि पदरी पडले ते पवित्र मानून आपण संसार करतो. पंजाबी ड्रेस घालणाऱ्या माझ्या भाचीच्या तोंडीही हे शब्द येतात. अंगावरचा पदर गेला, जिभेवरचा राहिला.

एका वर्षात बदललेले

अजिंठा गावात एक थडगे आहे. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ साली नेमला गेला. तो गावातल्या बारादरीत राही. त्याच्या सहवासात आलेल्या पारो नावाच्या इथल्याच मुलीची कथा गावात अजून सांगतात. ना. धों. महानोरांनी त्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. ती २३ मे १८५६ रोजी वारली आणि गिलने तिच्या थडग्यावर प्रेमाने तिचे नाव कोरविले.

गिल वर्षानुवर्षे लेण्यातल्या राण्यांची वस्त्रे, पट्ट्या आणि नक्षीसह, मोठमोठ्या कॅनव्हासवर उतरवीत होता. ती चित्रे लंडनला गेली आणि त्यांतली बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पारोचे लुगडे काही कुठे प्रदर्शनाला गेले नाही. ते साऱ्या लुगड्यांच्या वाटेने गेले असणार.

पण १८५६ हे साल मला वेगळ्याच कारणाने डाचते. जिने थडग्यातच तोंड फिरवले, तिच्या मागे त्याच वर्षी बायकांच्या कापडाचे जग बदलायला लागले. मुंबईत कावसजी दावर यांची सूतगिरणी त्या वर्षी चालू झाली. लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून जांभळा रंग सापडला. आणि त्याच जुलैत विधवाविवाहाचा कायदा झाला, आलवणाची गाठ निदान कायद्याने तरी सैल झाली.

सूत तर त्याआधीच पालटू लागले होते. १८१३ साली कंपनीची व्यापाराची मक्तेदारी संपली आणि विलायती सूत नि कापड ओतू लागले. त्यात पहिली नागवली गेली ती चरख्यावरची बाई. विणकराने गिरणीचे सूत घेऊन आपला माग चालू ठेवला, कारण विलायती कारखानदाराला लुगड्याचे काठ आणि पदर सहजी साधत नव्हते. इतके की १८६६ साली फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने अठरा भागांत चिकटवून त्याचे वीस संच काढले. तेरा संच विलायतेत वाटले आणि सात इकडे ठेवले. हेतू उघड होता, तिकडच्या गिरण्यांनी इकडचे लोक काय नेसतात ते पाहून तसे कापड काढावे! पाहा, आपल्या रोजच्या कापडाचा नमुना कोणी जपला तर तो आपल्याला विकायला.

पुढे आलीच्या तांबड्याला १८६८-६९ मध्ये प्रयोगशाळेत तोड निघाली, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि शेतातले रंग शेतातच राहिले. नऊवारीचे पाचवारी गोल पातळ झाले, त्याखाली परकर आला. आज पाडव्याच्या शोभायात्रेत पोरी मोटारसायकलीवर नऊवारी घालून मिरवतात. ‘घालून’च म्हणते, कारण ती शिवलेली असते, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची. हसू नका. मोटारसायकलीवर बसायला हीच सोयीची, हे बायजाबाईंच्या दरबारातही पटले असते.

घरातली वाकळ

अजिंठ्याहून परत आले तेव्हा दिवाळीला अवकाश होता, पण या वर्षी साफसफाई मी लौकर काढली. माळ्यावर आईच्या हातची एक वाकळ होती. जड, दोन-तीन ठिकाणी उसवलेली, वास येणारी. दरवर्षी ती टाकायची ठरते आणि दरवर्षी ती परत माळ्यावर जाते. या वेळी भाची मदतीला होती. तिने उसवल्या जागेतून बोट घातले आणि ओरडली, “मावशी, आत आणखी एक आहे!”

आम्ही दोघींनी शिवण थोडी उसवली. वरचा थर आईच्या पाचवारी पातळाचा, तो मी ओळखला. त्याखाली निळसर काळे, जाडसर नऊवारी, बहुधा आजीचे. त्याच्याही खाली एक तुकडा, रंग पार गेलेला, आणि त्याच्या मधोमध बारीक टाक्यांची आडवी शिवण. दंड! एवढे बारीक टाके की अंगाला टोचू नयेत म्हणून किती जपून घातले असतील, ते बोटांना कळत होते.

हे कापड काही जॉन स्मिथच्या काळचे नव्हे, तेवढा शहाणपणा मला आहे. आजीच्या आईच्या पलीकडे ते जाणार नाही. पण ते टाके ज्या हाताने घातले त्याला ते कोणी शिकवले असतील, आणि त्या शिकवणारीला कोणी? अजिंठ्याच्या त्या नदीवर, १८१९ च्या उन्हाळ्यात, धुणे आपटणाऱ्या एखाद्या बाईनेही विरलेले लुगडे उन्हाकडे धरून पाहिले असेल आणि कुठे कापायचे ते ठरवले असेल.

भाचीने वाकळ धुवायला टाकू दिली नाही. तिने ती उन्हात घातली, उसवलेली बाजू पुन्हा शिवायला बसली आणि पहिल्याच टाक्याला सुई बोटात टोचून घेतली. “कसे गं घालायच्या एवढे बारीक टाके?” म्हणून मला विचारू लागली.

मी तिला दाखवले. मलाही आईने एकदाच दाखवले होते.

या दिवाळीत आपणही माळ्यावरची जुनी गोधडी टाकायला काढली असेल, तर टाकण्यापूर्वी तिची एक शिवण उसवून पाहा. वरचा थर कोणाचा, खालचा कोणाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांची नावे एका कागदावर लिहून तो कागद तिच्यातच शिवून टाका. लेण्यातल्या राण्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, पण त्यांची वस्त्रे राहिली. आपल्याकडच्या बायकांची वस्त्रे गेली, निदान नावे तरी राहू द्या.